वाचलेलं डोक्यात राहत नाही? मग या चुका टाळा

लालबागला आमच्या चाळीच्या मागे एक छोटी अभ्यासिका आहे, तिथे मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना अभ्यासात मदत करते आणि तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "ताई, वाचते हो, पण डोक्यात राहतच नाही." घरच्यांचं उत्तर ठरलेलं, अजून दोनदा वाच. मला मनापासून वाटतं की बऱ्याचदा इथेच चुकतं, कारण अडचण पुस्तकात नसतेच, वाचायला बसताना मनात काय चाललंय त्यात असते.

प्रिलिमचे मार्क आले त्या दिवसाची गोष्ट. एक मुलगी 'आनुवंशिकता व उत्क्रांती' उघडून बसलेली, पाऊण तास एकच पान, पिवळा हायलायटर इतका फिरवलेला की मागच्या बाजूला डाग उमटले होते. मी म्हटलं पुस्तक मीट आणि काय वाचलंस ते सांग. तिला फक्त "डीएनए" एवढंच सांगता आलं आणि डोळे भरून आले. सकाळी मार्कांवरून बाबा खूप बोलले होते, म्हणजे डोळे ओळींवर फिरत होते आणि आत बाबांचं बोलणं चालू होतं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, मन भरलेलं असताना तसंच रेटून वाचणं. धडा समजायचा तर आधीचं वाक्य मनात धरून पुढच्याशी जोडावं लागतं, आणि हे धरून ठेवायला मेंदूत जी वर्किंग मेमरी असते ती फार छोटी असते, आपल्या चाळीतल्या खोलीसारखी, काळजीने तिथे पथारी पसरली की धड्याला बसायला जागाच नाही. अशा वेळी पान बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं मनात जे आहे ते सगळं कागदावर लिहून काढा, शुद्धलेखन वगैरे काही बघू नका. रामिरेझ आणि बायलॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये हेच तपासलं होतं, पेपरच्या अगदी आधी दहा मिनिटं आपली भीती लिहून काढायला सांगितलं, तर ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्या मुलांचे मार्क चांगले आले. आमच्या मुलीने पण लिहिलं, मी वाचलं नाही, तिने घडी घालून कंपासपेटीत ठेवलं. मग दोनच परिच्छेद वाचले आणि पुस्तक मिटून मला सांगितलं की डीएनएवरून एमआरएनए बनतो त्याला प्रतिलेखन म्हणतात. पाऊण तासात जे झालं नव्हतं ते त्या संध्याकाळी वीस मिनिटांत झालं.

दुसरी चूक, ओळखीचं वाटलं म्हणजे येतं असं धरून चालणं. तेच पान चौथ्यांदा वाचताना सगळं सोपं वाटतं, बरं वाटतं, भीती कमी होते, म्हणून मुलं परत परत तेच करतात. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने बघितलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेलेले. म्हणून प्रत्येक पानानंतर मिटा आणि सांगा, भिंतीला सांगितलं तरी चालेल.

आता ही तिसरी जरा वेगळी आहे. वाचताना गहिवरून आलं म्हणजे धडा पक्का झाला असं आपल्याला वाटतं. भावना उसळली की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भावना हाताळणारा भाग, जागा होतो आणि आठवण घट्ट बसवायला मदत करतो हे खरं, पण ती घट्ट बसते मधल्या प्रसंगापुरती, आजूबाजूचे तपशील निसटतात. 26 जुलै 2005 घ्या, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तो दिवस मुंबईत कोण विसरेल! पण आमच्याकडे आई शपथेवर सांगते की मामा रात्री दोनला सायनवरून चालत घरी आला आणि मामा म्हणतो मी दादरला मित्राकडे झोपलो, सकाळी आलो. दोघांनाही शंभर टक्के खात्री. 1986 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाला अपघात झाला, त्यानंतर नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली ते दुसऱ्या दिवशी लिहून घेतलं आणि अडीच वर्षांनी परत विचारलं, तेव्हा कित्येकांची उत्तरं आधीच्या लिखाणाशी जुळेनात, आणि खात्री मात्र पक्की. इतिहासाच्या पेपरला हेच होतं, बलिदान आठवतं, साल आणि कारण जातं. म्हणून अंगावर काटा आणणारा भाग संपला की लगेच स्वतःला विचारा, कधी, कुठे, कशामुळे.

भीती अगदी शून्य करायच्या मागेही लागू नका. थोडं टेन्शन जागं ठेवतं, कामात उपयोगी पडतं, फक्त काम जितकं अवघड तितकं ते कमी हवं, येर्क्स आणि डॉडसन यांना 1908 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात असंच दिसलं होतं. मन अस्वस्थ असेल त्या दिवशी आकृत्या काढा, व्याख्या लिहा, अपवर्तनाची गणितं सकाळसाठी ठेवा. आणि झोप मोडू नका, वाचलेलं पक्कं व्हायचं बरंच काम झोपेतच होतं.

आईबाबांनो, तुम्हाला एक कळकळीची विनंती. कामावरून आल्या आल्या "किती झालं?" नका विचारू, त्या प्रश्नाने मूल धडा सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. "आज काय वाचलंस, मला पण सांग ना" असं विचारा आणि टीव्ही बंद करून ऐका.

पेपरात ब्लँक झालात तर पाठ केलेलं गेलं असं समजू नका. जास्त ताणात कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं ताणाचं हार्मोन, वाढतं आणि आत असलेलं बाहेर काढायला अडथळा येतो, माल आतच असतो. त्या प्रश्नापुढे जागा सोडा, श्वास हळू सोडा, येणारी एखादी आकृती काढून घ्या आणि दहा मिनिटांनी परत त्या जागेवर या.