थडग्यावरची निजलेली मूर्ती कशी पाहावी

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चमध्ये थडग्यावर हात जोडून उताणी निजलेली सरदाराची दगडी मूर्ती दिसली की नजर प्रथम चेहऱ्याकडे जाते. परंतु हे चेहरे बहुधा ठरावीक साच्याचे असल्याने पाहणीची सुरुवात पोशाखापासून करावी.

बारीक कड्यांच्या चिलखतावर लांब, सैल अंगरखा असेल, तर मूर्ती साधारणपणे तेराव्या शतकातली किंवा चौदाव्या शतकाच्या आरंभीची समजावी. अंगरखा आखूड व घट्ट झाला आणि शिरस्त्राण निमुळते झाले की काळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे सरकतो. १३७६ साली मरण पावलेल्या ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्र एडवर्डची कँटरबरी कॅथीड्रलमधील सोन्याचा मुलामा दिलेली धातूची मूर्ती हा त्याचा उत्तम नमुना आहे. पंधराव्या शतकात सर्वांग पोलादी पत्र्यांनी झाकलेले दिसते. पायांची अढी घातलेला सरदार धर्मयुद्धावर गेला होता, असे काही मार्गदर्शक आजही ठासून सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये.

नंतर दगड पाहावा. वूस्टरमधील जॉन राजाची मूर्ती ज्या पर्बेक ‘संगमरवरा’ची आहे, तो प्रत्यक्षात झिलई घेणारा चुनखडक असून त्यात गोगलगायींचे जीवाश्म दिसतात. ग्लॉस्टरमधील राजा दुसरा एडवर्ड याची मूर्ती अलाबास्टरची, म्हणजे नखानेही ओरखडा उठेल इतक्या मऊ दगडाची आहे, म्हणून हात लावू नये. परवानगी असल्यास विजेरीचा झोत तिरपा धरून वस्त्राच्या चुण्यांमध्ये मूळ रंगाचे अवशेष शोधावेत.

डागडुजीचा संशय मात्र शेवटपर्यंत बाळगावा. चिचेस्टरमध्ये अरुंडेलचा अर्ल आणि त्याची पत्नी एकमेकांचा हात धरून निजले आहेत; ते गुंतलेले हात एडवर्ड रिचर्डसन या शिल्पकाराने एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवले. मूळ रचनाही हातात हात अशीच असावी, असे अभ्यासक मानतात, तरी आपण पाहतो तो दगड व्हिक्टोरियन काळातला आहे.

मृत्यूचे वर्ष हेच मूर्तीचे वर्ष, असेही धरू नये. जॉन १२१६ मध्ये वारला आणि मूर्ती पुढे दीडएक दशकाने घडली. उलट, वर धर्मगुरूच्या पूर्ण वेषातली मूर्ती आणि खाली उघडे, कृश प्रेत असे कँटरबरीतील दुमजली थडगे आर्चबिशप हेन्री चिचेली यांनी १४४३ मधील आपल्या निधनाच्या कित्येक वर्षे आधीच उभारून घेतले होते.