सूर्याकडे तोंड करून रानफुलांचे फोटो कसे काढावेत

सप्टेंबर सरता सरता विदर्भात वावरात, धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला कुर्डूचे तुरे उभे राहतात. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढला तर ते फिके, चपटे येतात. तोच उजेड तुऱ्याच्या मागून आला की खालची रुपेरी, कोरडी दलं उजळून निघतात, वरचं गुलाबी टोक खुलतं आणि कडेला प्रकाशाची बारीक रेघ उमटते. मात्र हा फोटो नुसत्या उजेडावर होत नाही. फुलामागे काय आहे, यावर तो ठरतो. म्हणून आधी मागची जागा शोधा, मग फूल.

फूल आणि वेळ

पातळ पाकळीची फुलं घ्या. पावसाळ्यात कळलावी आणि तरोटा, हिवाळ्यात पिवळा धोतरा. पळसाची पाकळी जाड असते, उजेड तिच्यातून फारसा आरपार जात नाही. पण तिच्यावर बाहेरून मखमली लव असते आणि तिरप्या उजेडात तीच चमकते. सप्टेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहा ते साडेसात हा तास धरा. सकाळी वाराही कमी असतो. संध्याकाळचा शेवटचा तासही चालतो, फक्त तरोट्याला सकाळीच गाठा, दिवस मावळताना त्याची पानं मिटतात. आभाळ भरलेलं असेल तर हा प्रकार सोडून द्या.

कळलावी तोडून घरी आणू नका. तिचे सगळेच भाग विषारी आहेत, कंद तर सर्वांत जास्त. वावरात शिरताना कास्तकाराला विचारा आणि बसण्याआधी काठीने गवत हलवून घ्या.

जागा पकडणे

१. फुलाच्या उंचीला या. गुडघ्यावर किंवा पोटावर. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे माती येते.

२. फुलाभोवती हळूहळू फिरा. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर आणि फुलामागे सावलीचा पट्टा, अशी जागा हवी. तुरीची दाट ओळ किंवा निंबाची सावली उत्तम, फुलापासून निदान दोन-तीन मीटर मागे. मागे उघडं आकाश आलं की फूल काळवंडतं. हातभर सरकल्यानेही आकाश जाऊन तूर येते.

३. लेन्सवर थेट ऊन येऊ देऊ नका. हूड नसेल तर टोपी किंवा तळहात धरा. सगळा फोटो धुरकट येतो तो बहुतेक वेळा यामुळेच, नाहीतर काचेवरच्या बोटांच्या डागांमुळे. निघतानाच सुती कापडाने काच पुसा. डीएसएलआरच्या भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

कॅमेऱ्याची मांडणी

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० ते ४००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ४ ते ५.६. वारा असेल तर शटर १/५०० सेकंदापर्यंत न्या. उजेडासमोर ऑटोफोकस पुढे-मागे होत राहतो; फोकस हाताने करा आणि पाकळीची जवळची कड धरा.

खरी गफलत एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा यात होते. मागे गडद सावली असली की कॅमेरा सगळं उजळायला बघतो आणि पाकळी पांढरी फटक होते. तिथे एक्स्पोजर −०.३ ते −१ करा. मागे उजळ गवत असेल तर उलट, +०.७ च्या आसपास. स्क्रीनवर फोटो छान दिसतो म्हणून थांबू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, तोही रंगानुसार वेगळा. पळस आणि कळलावीत लाल रंग बाकीच्यांआधी फाटतो, म्हणजे त्याची मर्यादा संपून बारकावे जातात, मग पाकळीच्या शिरा दिसत नाहीत आणि त्या नंतर परतही आणता येत नाहीत.

पाकळीची आपल्याकडची बाजू फार अंधारी असेल तर ए-४ आकाराचा पांढरा कागद कॅमेऱ्याच्या बाजूने, फुलापासून वीतभर अंतरावर तिरका धरा. जास्त जवळ नेलात तर मागून येणाऱ्या उजेडाचा परिणामच मरतो.

मोबाइल असेल तर पाकळीवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. २× लेन्स असेल तर ती घ्या.

नंतरचं काम

लाइटरूम किंवा फुकटातलं डार्कटेबल चालेल, मोबाइलवर स्नॅपसीड. क्रम असा ठेवा.

आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंडपणा). ऑटोवर सकाळचा सोनेरीपणा निघून जातो, म्हणून ५२०० ते ५६०० केल्विनच्या आसपास ठेवा. मग हायलाइट्स (उजळ भाग) −४० ते −६०, शॅडोज (सावलीचे भाग) जास्तीत जास्त +२०. शॅडोज खेचून मागची सावली उजळण्याचा मोह आवरा, फुलाचं तेज त्या अंधारामुळेच आहे. उलट ब्लॅक्स (सगळ्यात गडद भाग) थोडे खाली न्या. धूसरपणा राहिलाच तर डीहेझ +१० पुरे. त्यापुढे रंग भडक आणि कडा घाणेरड्या होतात.

सॅच्युरेशन सगळ्या फोटोला लावू नका. धोतऱ्याचा पिवळा आधीच भरलेला असतो, त्याला −१० दिल्यावर शिरा उठून येतात. शार्पनिंग (कडा धारदार करणं) मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त फुलावर करा, नाहीतर मागच्या मऊ सावलीत दाणे दिसतात. तयार फोटोची फाइल बाहेर काढताना एसआरजीबी ही रंगपद्धत निवडा, नाहीतर पळसाचा भगवा काही मोबाइलवर मातकट दिसतो.