नकाशातला डोंगर हलत नाही, तेव्हा आधी काय तपासायचं

काल्पनिक जगाचे नकाशे करायला नव्याने बसलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: ‘क्लिक करतोय, पण काहीच होत नाही.’ मग प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू होतो, कधी काढून परत टाकलाही जातो, आणि डोंगर जागचा हलत नाही. अशा वेळी प्रोग्राम क्वचितच बिघडलेला असतो. आपणच मागे कुठे तरी कुलूप लावून विसरलेलो असतो. म्हणून आधी त्या हट्टी वस्तूचा पत्ता काढायचा: ती कुठल्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) आहे, तो लेयर उघडा आहे का, आणि आपला क्लिक तिच्यापर्यंत पोचतोय का. त्याहीआधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करायची, शेवटी ०१, ०२ असे आकडे लावून. पन्नास वेळा अनडू मारत मागे जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो कॅम्पेन कार्टोग्राफर ३ प्लसमध्ये, कारण तो मुळात चित्रकलेचा नव्हे, कॅडच्या, म्हणजे संगणकावर तांत्रिक आराखडे काढायच्या घराण्यातला प्रोग्राम आहे. इथे ‘मूव्ह’ची आज्ञा देऊन बेटाच्या मधोमध क्लिक केलं तर बेट धरलं जात नाही, क्लिक कडेवर करावा लागतो. खालच्या आज्ञा-ओळीत किती वस्तू धरल्या तो आकडा दिसतो, नजर तिथे ठेवायची. आकडा ० वरून १ झाला की उजवं क्लिक करून ‘डू इट’. तो ० वरच अडला तर दोन शक्यता उरतात: क्लिक कडेवर पडला नाही, किंवा वस्तूचा लेयर वा शीट गोठवलेली आहे. तयार टेम्प्लेटमधली चौकट हलत नाही ती याच कारणाने. ‘मॅप बॉर्डर’ हा लेयर चुकून धक्का लागू नये म्हणून आधीच गोठवलेला असतो. लेयरच्या यादीत जाऊन तो मोकळा करायचा आणि काम झालं की परत गोठवायचा.

लेयर आणि शीट यांची गल्लत मात्र करू नका. लेयर म्हणजे वर्गवारी: नद्या, रस्ते, गावं. शीट म्हणजे काचेच्या तावांची चळत. काय वर दिसेल आणि सावली-चमक कशाला लागेल हे शीट ठरवते. यादीचा क्रमही गिंप-क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रामांच्या उलटा. तिथे यादीत वर असलेला लेयर चित्रात वर दिसतो, इथे यादीत वरची शीट आधी काढली जाते, म्हणजे तळाशी जाते. जंगल जमिनीखाली गडप झालं की आधी हा क्रम बघावा.

कॅम्पेन कार्टोग्राफरमधलाच एक दोष नवख्याला हमखास चकवतो. दाट जंगलात झाडांच्या कडांभोवती बारीक फिकट ठिपके उठतात, मागचं झाड दिसायच्या जागी थेट खालची जमीन डोकावते. इफेक्ट (सावली, चमक वगैरे) लावलेल्या शीटवर प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता एकच राहते. पुढच्या झाडाची अर्धपारदर्शक कड शेवटी काढली गेली की तिचीच पारदर्शकता टिकते आणि मागच्या झाडाला भोक पडतं. चिन्हांचा पुढचा-मागचा क्रम बदलून हे जात नाही. एकमेकांवर चढणारी झाडं दोन शीटवर वाटायची: मागची रांग एकीवर, पुढची दुसरीवर.

जमिनीत तळं पाडताना ‘कलर की’ इफेक्ट वापरतात. ठरवून दिलेल्या भडक रंगाचा आकार काढायचा, इफेक्ट तो रंग गाळतो आणि खालचं पाणी दिसतं. पाण्याऐवजी तो भडक डागच दिसत राहिला तर तीन गोष्टी बघा: इफेक्ट चालू आहेत का, आकार जमिनीच्याच शीटवर आहे का, आणि रंग नेमका तोच आहे का. डोळ्याला सारखा वाटणारा शेजारचा रंग चालत नाही.

गिंप किंवा क्रिटात ब्रश उमटत नसेल तर पहिला संशय विसरलेल्या सिलेक्शनवर. कोपऱ्यात चिमूटभर भाग निवडलेला राहिला की बाकी कागदावर ब्रश मुका होतो. क्रिटात तर निवडीची रेघ लपवताही येते, त्यामुळे ती दिसतही नाही. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून निवड सोडायची, दोन्ही प्रोग्रामांत हीच कळ. तरीही उमटत नसेल तर अल्फा-लॉक, म्हणजे लेयरच्या पारदर्शक भागावर रंग उमटू न देणारं कुलूप पाहा, आणि क्रिटात चुकून ‘ई’ दाबून खोडरबर तर चालू झालेला नाही ना, तेही. गिंपमध्ये ठरावीक रेषेपलीकडे रंग जात नसेल तर लेयर कॅनव्हासपेक्षा लहान आहे; ‘लेयर टू इमेज साइझ’ केलं की सुटतं.

अझगारचा फॅन्टसी मॅप जनरेटर ब्राउझरमध्ये चालतो आणि त्याची दुखणी वेगळी. तिथे नकाशा हा चित्र नसून पेशींची जाळी असतो, प्रत्येक पेशीला ० ते १०० मधली उंची. २० च्या खाली पाणी, २० पासून जमीन. नदी हवी तिकडे वळत नाही, कारण पाणी सर्वांत खालच्या शेजारी पेशीकडे जातं. नदीची रेघ ओढत बसण्यापेक्षा वाटेतल्या पेशींची उंची उतरती करा. उंची बदलताना कोणता पर्याय निवडता यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ‘कीप’मध्ये राज्यं-शहरं शाबूत राहतात, पण किनारा बदलता येत नाही, आणि ‘ब्रश किनाऱ्यावर चालत नाही’ या तक्रारीचं मूळ तिथेच असतं. ‘रिस्क’मध्ये किनारा बदलतो, मात्र काही तपशील विस्कटू शकतात. ‘इरेझ’मध्ये उंचीखेरीज सगळं पुसून नव्याने तयार होतं. शहरांना नावं देण्याआधीच किनारा पक्का करावा हे उत्तम. आणि नकाशाची फाइल संगणकावर उतरवून ठेवा; ब्राउझरचा साठा साफ झाला की त्यातली प्रतही जाते.

मराठी नावं टाकणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. काही प्रोग्रामांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत: ‘शिखर’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे पडते, ‘क्षेत्र’चे तुकडे होतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, दोष अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेत आहे. गोडो या गेम बनवायच्या इंजिनात ही सोय चौथ्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीवर बांधलेल्या प्रोग्रामकडून ती अपेक्षा ठेवू नये. नावांविना नकाशा बाहेर काढायचा आणि इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्राममध्ये नावं लिहायची, तिथे जोडाक्षरं नीट बसतात. फाइल दुसऱ्या संगणकावर जाणार असेल तर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, पण मूळ मजकुराची प्रत बाजूला ठेवून, कारण त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाची चूकही टाइप करून सुधारता येत नाही. समुद्राचं नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नये. रोमन लिपीला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते.

छपाईचा हिशेब नकाशा सुरू करतानाच करायचा. ए३ कागद, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे सुमारे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. रंगाच्या ८ बिट खोलीत असा एक भरलेला लेयर साधारण ७० एमबी मेमरी घेतो, १६ बिटमध्ये दुप्पट. वीस लेयर झाले की ब्रश का अडखळतो ते इथे कळतं. संपलेले लेयर एकत्र करा. कॅम्पेन कार्टोग्राफरमध्ये छापील नकाशातली सावली पडद्यापेक्षा जाड किंवा बारीक आली, तर इफेक्टचं माप दृश्याच्या रुंदीच्या टक्क्यांत दिलेलं असतं. ते नकाशाच्या एककात करून पुन्हा एक्सपोर्ट करा.