सेटवर ग्रीन काम करायचंय? आधी डिझेल मोजायला शिका

मी इंदूरची. मास कम्युनिकेशन झाल्यावर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून कामं केली आणि आता दोन वर्षं शूटिंगच्या सेटवरचं पर्यावरणाचं काम बघते. बरेच ज्युनियर विचारतात की यात शिरायचं कसं, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिलं म्हणजे पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. महेश्वरला ऐन मे महिन्यात शूट, मी छोट्या बाटल्या बंद करायला लावल्या पण जार ठेवले फक्त जेवणाच्या मांडवात, आणि शूट खाली घाटावर. अकरा वाजता एक लाइटवाला दादा चक्कर येऊन पायरीवरच बसला. दुपारी बाटल्यांचे बॉक्स परत आले आणि पुढचे चार दिवस माझं कोणी ऐकलं नाही, ते बरोबरच होतं त्यांचं. आता आधी प्रत्येक डिपार्टमेंटजवळ २० लिटरचा जार, सगळ्यांना नाव लिहिलेली स्टीलची बाटली, आणि मगच प्लास्टिक बंद.

खरा प्रश्न इंधनाचा आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या २०२० च्या अहवालात मोठ्या बजेटच्या एका सिनेमामागे सरासरी २,८४० टन कार्बन डायऑक्साइड धरलाय आणि त्यातला निम्मा नुसत्या वाहतुकीचा. आपल्याकडे त्यात लोकेशनवर दिवसभर धडधडणारा जनरेटर धरा. म्हणून एक वही घ्या आणि जनरेटरवाल्या दादांजवळ जाऊन बसा, किती वाजता चालू, किती वाजता बंद, टाकीत सकाळी किती होतं, संध्याकाळी किती उरलं, सगळं लिहा. मी असं लिहायला लागले तेव्हा कळलं की लंचमध्ये सगळे लाइट बंद असतात तरी दोन व्हॅनिटीचे (कलाकारांच्या मेकअप-गाड्यांचे) एसी आणि मोबाइल चार्जिंग यासाठी मोठा जनरेटर तासभर चालतो आणि आठेक लिटर पितो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे रोजचे एकवीस-बावीस किलो, कोणाच्याही कामाला न येता. छोटा जनरेटर वेगळा लावला आणि ते थांबलं. लाइन प्रोड्यूसरला (शूटचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्याला) मात्र किलो सांगू नका, रुपये सांगा, लगेच ऐकतात.

वीज कंपनीकडून टेम्पररी कनेक्शन मिळतं पण अर्ज आधी द्यावा लागतो, लोड किती ते विचारतात, शूटच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. आणि ती वीजही बरीचशी कोळशाचीच असते हे विसरू नका, म्हणून आधी कॅमेरामनशी बोलून टंगस्टनच्या जागी एलईडी किती चालतील ते बघा, मग कनेक्शनचं.

कचऱ्याच्या बाबतीत आपलं इंदूर खरंच सोपं आहे. इथे सहा प्रकारात वेगळा करून द्यायची लोकांना सवय आहे, आणि ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, तो २०२२ मध्ये रोज ५५० टनांच्या क्षमतेने सुरू झालाय. फक्त उरलेल्या पोह्यांत कागदी कप टाकू देऊ नका, तिथेच सगळं बिघडतं. शहराबाहेर शूट असेल तर सुका कचरा बांधून गाडीत परत आणायची सोय आधीच करा.

थर्माकोलचंही बघा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, पण लाइट बाउन्स करायला, म्हणजे उजेड परतवून टाकायला, शीट अजून सर्रास वापरतात आणि कोपरे तुटले की फेकून देतात. आमच्या आर्टवाल्या काकांनी कडेला प्लायची पट्टी ठोकून दिली, तीच शीट आता तिसऱ्या शूटला चाललीय.

हे सगळं शूट सुरू व्हायच्या आधी ठरतं, एकदा कॉलशीट (त्या दिवशीच्या शूटचं वेळापत्रक) निघाली की कोणाला वेळ नसतो. तेव्हा नवीन असाल तर सेटवर जागा मागू नका, रेकीच्या (शूटआधी लोकेशन बघायला जाणाऱ्या) गाडीत मागा, आणि तिथे उतरल्यावर सगळ्यात आधी जवळचा विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे ते शोधा.