कोडिंग शिकायचंय? मग बेंबीपासून सुरू करा

बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, बीएचएमएस, फिजिओ, काहीही झालेली पोरं विचारतात की ताई मेडिकल कोडिंग (डॉक्टरच्या नोटमधलं निदान आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये लिहायचं काम) करायचंय, कुठून सुरू करू. बहुतेक क्लासवाले डायबिटीस नाहीतर बीपीपासून सुरू करतात. माझं उत्तर वेगळंय. पोटाची भिंत घ्या, म्हणजे हर्निया आणि त्याच्या शेजारचे जन्मजात दोष, आणि तेवढंच आधी नीट घोटा. मी कुडाळकडची, रत्नागिरीला झूऑलॉजीत बीएस्सी केलं, मग ऐरोलीला एका कंपनीत लागले आणि आता घरूनच अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट, म्हणजे उपचाराच्या नोंदी, कोड करते, तर जे काही सांगतेय ते रोजच्या कामातलंय.

पोटच का, तर पोटावर आलेला एक फुगवटा घेतला तर तो कोडच्या पुस्तकात के अक्षराच्या भागात जाऊ शकतो, क्यू मध्ये, एम मध्ये, आर मध्ये, एल मध्ये, आणि बाई बाळंतीण असेल तर ओ मध्येसुद्धा. दिसायला सगळं सारखंच, पोटावर गोळा. म्हणजे कोड पाठ करून इथे काहीच होत नाही, डॉक्टरने नोटमध्ये काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचावंच लागतं, आणि ती सवय एकदा इथे लागली की हार्ट काय किडनी काय, सगळीकडे तीच कामाला येते.

आपण जे वापरतो ते आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडचं पुस्तक, अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेलं. त्यात हर्निया के ४० ते के ४६ मध्ये. जांघेतला के ४०, फिमोरल (मांडीच्या वरच्या टोकाचा) के ४१, बेंबीचा के ४२, व्हेंट्रल (पोटाच्या पुढच्या भिंतीचा) आणि ऑपरेशनच्या जागेवरून आलेला के ४३, डायफ्रॅमचा (छाती आणि पोटामधल्या पडद्याचा) के ४४. जन्मजात दोष बहुतेक क्यू चॅप्टरमध्ये, त्यात पोटाच्या भिंतीचे क्यू ७९ मध्ये. आता नवीन मुलगा काय करतो, नोटमध्ये 'कंजेनिटल', म्हणजे जन्मजात, दिसलं की धावत क्यू कडे जातो. तान्ह्या बाळाला जन्मापासून जांघेत हर्निया आहे, लिहिलंय कंजेनिटल इंग्वायनल (जांघेतला) हर्निया, लाव क्यू. नाही! के ४० च्या आधी ब्लॉकच्या सुरुवातीला जी टीप आहे ती वाचा, तिथे स्वच्छ लिहिलंय की जन्मजात हर्निया पण याच ब्लॉकमध्ये घ्यायचा, फक्त डायफ्रॅमचा आणि हायेटसचा (अन्ननलिका डायफ्रॅममधून जाते त्या भोकाचा) जन्मजात असेल तर बाहेर, त्यांना अनुक्रमे क्यू ७९.० आणि क्यू ४०.१. म्हणजे ज्या शब्दावर तुम्ही उडी मारली तो शब्द इथे काही ठरवतच नाही.

आता बेंबी. माझ्या मते हे सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात छान उदाहरण आहे. तीन बाळं घ्या, तिघांच्याही नोटमध्ये बेंबीजवळ काहीतरी बाहेर आलंय. पहिल्या नोटमध्ये लिहिलंय की सहा महिन्यांचं बाळ, रडलं की बेंबी फुगते, वर कातडी व्यवस्थित आहे, बोटाने दाबलं की आत जातं. हा साधा अंबिलिकल हर्निया, अडकलेला नाही, के ४२.९, आणि बहुतेक बाळांचा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंदही होतो. दुसऱ्या नोटमध्ये आतडी बाहेर, पण पातळ पडद्याच्या पिशवीत, आणि नाळ त्या पिशवीच्या टोकाला चिकटलेली. हा ऑम्फॅलोसील, क्यू ७९.२. तिसऱ्यात नाळ आपल्या जागेवर, भोक नाळेच्या बाजूला, बहुतेक वेळा उजव्या अंगाला, आणि आतडी उघडी, वर पिशवीच नाही. हा गॅस्ट्रोस्कायसिस, क्यू ७९.३. कातडी आहे का, पडदा आहे का, नाळ कुठे आहे, एवढे तीन प्रश्न. निदान डॉक्टरच लिहिणार, आपण वर्णनावरून आपल्या मनाने ठरवायचं नाही हे पक्कं, पण वर ऑम्फॅलोसील लिहिलंय आणि खाली ऑपरेशन नोटमध्ये 'पिशवी नाही, भोक उजवीकडे' असं असेल तर तो चार्ट तसाच पुढे ढकलायचा नाही, डॉक्टरला क्वेरी टाकायची, म्हणजे लेखी विचारायचं. ती क्वेरी टाकायला सुचलं पाहिजे, आणि ते सुचतं फक्त ज्याला आतलं शरीर माहितीय त्याला.

म्हणून एम्ब्रिऑलॉजीचं, म्हणजे गर्भ कसा वाढतो त्याचं, एक प्रकरण तरी वाचा. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास आतडी नाळेत उतरतात, पोटात जागाच नसते म्हणून, आणि दहा ते बारा आठवड्यांत परत आत जातात. ती परत गेलीच नाहीत की ऑम्फॅलोसील. हे एवढं कळलं की पिशवी का असते, नाळ टोकाला का असते ते पाठ करावं लागत नाही. ऑम्फॅलोसीलबरोबर हृदयाचे दोष, ट्रायसोमी १३, १८, बेकविथ-वीडमन असले जेनेटिक आजार, असं बरंच काही सापडतं, गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये त्या मानाने कमी. म्हणून ऑम्फॅलोसीलचा चार्ट आला की इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि जेनेटिक्सचे रिपोर्ट उघडल्याशिवाय फाईल बंद करू नका, डॉक्टरने त्यावर निदान लिहिलेलं असेल तर तेही कोड लागतात.

क्रम पण लक्षात घ्या. बाळ ज्या हॉस्पिटलमध्ये जन्मलं तिथल्या चार्टवर पहिला कोड झेड ३८ चा, म्हणजे जन्माचा, सिझेरियनने एकटं बाळ असेल तर झेड ३८.०१, आणि त्याच्यामागे क्यू ७९.३. तेच बाळ ऑपरेशनला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं तर तिथे झेड ३८ येणार नाही, तिथे क्यू ७९.३ च पहिला. जन्म एकदाच होतो, कोडही एकदाच. आणि आईच्या चार्टवर क्यू कधीच नाही, तिच्या उपचारात त्या दोषामुळे काही बदललं असेल तर ओ ३५ मध्ये शोधायचं.

पुढे हेच बाळ मोठं झालं. दोष ऑपरेशनने पूर्ण बरा झालेला असेल तर क्यू बंद, हिस्टरीचा (पूर्वी दोष होता एवढंच सांगणारा) कोड, झेड ८७.७६१. पण दोष अजून असेल तर वय चाळीस असलं तरी क्यू चालतो, क्यू म्हणजे फक्त लहान मुलांचा असं काही नाही. आणि त्या जुन्या व्रणातून हर्निया आला तर तो इन्सिजनल (ऑपरेशनच्या जागेवरचा), के ४३.२, सोबत हिस्टरीचा कोड.

मोठ्यांच्या हर्नियात अडकायला होतं ते ऑब्स्ट्रक्शन (आतडं अडकणं) आणि गँगरीनमध्ये (अडकलेला भाग सडणं). इनकार्सरेटेड (अडकलेला), इर्रिड्युसिबल (दाबून आत न जाणारा), स्ट्रँग्युलेटेड (रक्तपुरवठा आवळलेला), हे तिन्ही शब्द ऑब्स्ट्रक्शनकडे जातात. स्ट्रँग्युलेटेड वाचून गँगरीन लावायचं नाही, गँगरीन लिहिलेलंच पाहिजे. आणि दोन्ही लिहिलं असेल तर गँगरीनचाच एक कोड. मग एकाच बाजूला की दोन्ही, पहिल्यांदा की परत आलाय, हे जांघेच्या हर्नियात विचारतात, बेंबीच्यात विचारत नाहीत. के ४०.९० आणि के ४०.९१ मध्ये फरक एवढाच, पण विम्याचा क्लेम त्याच्यावर अडतो.

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकतात, डायस्टॅसिस रेक्टाय, तो हर्निया नाहीच, भोक नसतं. तो एम ६२.०८, बाळंतपणातली गुंतागुंत म्हणून लिहिला असेल तर ओ मध्ये, जन्मजात असेल तर क्यू ७९.५९. नवजात बाळाची बेंबी पिकली तर पी ३८, पण पहिले २८ दिवस उलटल्यावर तेच एल ०८.८२. आणि ओपीडीत डॉक्टरने 'प्रॉबेबल हर्निया', म्हणजे बहुधा हर्निया, लिहिलं तर हर्निया लावता येत नाही, गाठ भिंतीत असेल तर आर २२.२, पोटाच्या आत असेल तर आर १९.०. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला तोच 'प्रॉबेबल' मात्र चालतो.

इंडेक्सवर (पुस्तकातल्या नावांच्या सूचीवर) थांबू नका हे सगळे सांगतात, मी पण सांगते. एसटीची पाटी बघून चढलात तरी गाडी आपल्या फाट्यावर थांबते का ते कंडक्टरला विचारतोच ना आपण, तसं टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या मुख्य यादीत, जाऊन एक्स्क्ल्यूड्स (काय वगळायचं त्या टिपा) वाचायचं. ऑम्फॅलोसीलखाली एक्स्क्ल्यूड्स १ मध्ये अंबिलिकल हर्निया लिहिलाय, म्हणजे दोन्ही एकत्र लावायचे नाहीत.

परीक्षेचं थोडक्यात. एएपीसी या अमेरिकन कोडर संस्थेची सीपीसी नावाची परीक्षा, १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के, पुस्तकं उघडी ठेवून. उघडी आहेत म्हणून निवांत राहणारे वेळेत मार खातात, पानं हाताला माहीत पाहिजेत. त्यात सीपीटीही (उपचार आणि ऑपरेशनचे कोड) असतं, आणि २०२३ पासून पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियाचे ऑपरेशन कोड सगळे बदललेत, आता भोकाची एकूण लांबी बघतात, ३ सेंमीच्या आत, ३ ते १०, आणि १० च्या वर. जुने पीडीएफ फिरतायत ग्रुपवर, ते डिलीट करा. पहिल्यांदा पास झालात की नावापुढच्या सीपीसीला 'ए' लागतो, अप्रेंटिसचा, तो अनुभवाने जातो, त्याची लाज वाटून घेऊ नका. जॉब गॅरंटी म्हणून आधी मोठी फी मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा, आपल्याकडे असले बोर्ड आता तालुक्यातालुक्यात लागलेत.

फ्रेशरला घरून काम सहसा कोणी देत नाही, त्यामुळे सुरुवातीला ऐरोली, महापे, ठाणे नाहीतर पुणे धरूनच चला, गावी ये-जा करायला तुतारी एक्स्प्रेसची सवय होते. नंतर घरून मिळालं तर खोली वेगळी लागते, दार बंद, पेशंटची माहिती कोणाला दिसता कामा नये, हिपाचा (पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकन कायद्याचा) नियमच आहे तो. आमची आई पहिल्यांदा चहा घेऊन आत आली आणि "काय बघतंस गो दिवसभर त्या काम्प्युटरात" म्हणाली, तेव्हापासून चहा उंबऱ्यावर ठेवला जातो. पावसात लाईट जाते, नेट जातं, तेव्हा इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हे दोन्ही पाहिजेच, टार्गेटला पाऊस कळत नाही. गणपतीची सुट्टी मागून घ्या बिनधास्त, पण १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात आणि गणपतीहून परत आलं की लगेच त्याचं ट्रेनिंग असतं, ते चुकवू नका. आता १ एप्रिललाही थोडे बदल येतात.

इंटरव्ह्यूला जाताना क्यू ७९ आणि के ४२ शेजारी शेजारी उघडून त्यांच्याखालच्या सगळ्या टिपा एकदा वाचून जा. आमच्या टीममध्ये घेताना मी हाच प्रश्न विचारते, बाळाची बेंबी बाहेर आलीय, कोड काय. जो लगेच कोड सांगतो त्याला मी थांबवते, आणि जो उलट मलाच विचारतो की वर कातडी आहे का, त्याच्याशी मग पुढचं बोलते.