हृदयासाठी आठवड्यातून दोनदा मासे: पुण्यातल्या घरात कसं जमवावं

मासे म्हटलं की रविवारचं पापलेट किंवा सुरमई फ्राय डोळ्यांपुढे येते. हृदयाचा विचार केला तर बांगडा आणि तारली जास्त कामाची, शिवाय खिशाला परवडणारी.

१. वार ठरवा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत असाल तर बुधवार आणि रविवार धरा. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, त्यातही अंगचंच तेल असलेले, बांगडा-तारलीसारखे. एका वेळी शिजवलेले साधारण ८५ ग्रॅम. माणशी एक मध्यम बांगडा पुरे. मटणाच्या जोडीला नको, मटणाऐवजी खा.

२. मासा निवडा. बांगडा-तारलीतल्या ओमेगा-३ या चांगल्या चरबीमुळे रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, कमी व्हायला मदत होते. भिगवणकडच्या रोहू-कटल्यात प्रथिनं भरपूर, ओमेगा-३ मात्र कमी. मोरी (शार्क) आणि मोठ्या सुरमईत पारा साठतो, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांना ते देऊ नका.

३. बाजारात नीट बघून घ्या. गणेश पेठेत जा नाहीतर कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात, पण सकाळी जा. आपल्याकडे समुद्राची मासळी घाट चढून येते, त्यामुळे सगळी मदार बर्फावर. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. डोळे चकचकीत हवेत आणि बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. बांगडा गरम जागी पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. बर्फाशिवाय मांडलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरी आणला की त्याच दिवशी शिजवा.

४. तळू नका, तिखलं करा. साफ केलेल्या तुकड्यांना हळद, मीठ, लाल तिखट आणि ठेचलेला लसूण चोळा. कोकम आणि ठेचलेली तिरफळं घाला, अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर दहाएक मिनिटं. वरून चमचाभर खोबरेल. तांदळाच्या भाकरीबरोबर हे इतकं छान लागतं की फ्रायची आठवण येत नाही! वेळ नसेल तर तव्यावर चमचाभर तेलात भाजा.

५. पावसाळ्याची सोय करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा चांगल्या दुकानातला फ्रोझन बांगडा चालेल. सुक्या मासळीत मीठ फार. रक्तदाब असलेल्यांनी ती रोज खाऊ नये.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.