फुटपाथवरची पितळी नावं: घासायची कशी आणि पुढे काय करायचं

जर्मनीत शिकायला आलेली आपली मुलं दर ९ नोव्हेंबरच्या, म्हणजे १९३८च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मरणदिनाच्या, आसपास विचारतात, ‘ताई, तुम्ही लोक रस्त्यात बसून काय घासता?’ म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

या पितळी चौकोनांना श्टॉल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचे दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराचं हे काम. बर्लिनमधले पहिले त्याने १९९६ साली क्रॉइत्सबर्गमध्ये बसवले, तेही परवानगी न घेता. २०२३मध्ये न्यूर्नबर्गला एक लाखावा बसला. नाझींच्या छळाला बळी पडलेला माणूस आपल्या मर्जीने शेवटचा जिथे राहिला, त्या दारासमोर हा दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो. अक्षरं हाताने एकेक ठोकलेली.

सामान फार नाही. धातू चमकवायची पेस्ट, मऊ स्पंज, पाण्याची बाटली, दोन जुनी सुती फडकी आणि गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी, कारण नोव्हेंबरात फुटपाथ बर्फासारखा लागतो. पेस्ट इथल्या सुपरमार्केटात मिळते, घरून पितांबरी मागवू नका. तारेची घासणी तर अजिबात नको, चरे पडतात. आधी पाण्याने माती काढा, पेस्ट लावून थोडं थांबा, मग गोल गोल घासा. काळा लगदा सुटेल, तो फडक्यावर घ्या. अक्षरांच्या खाचांतला काळेपणा मात्र कोरून काढू नका, त्यामुळेच नाव वाचता येतं. शेवटी धुऊन कोरडं करा. बाजूला एक मेणबत्ती, एक पांढरा गुलाब, बस्स. आपला हात रांगोळीकडे वळतो, तो आवरा.

घासायला परवानगी लागत नाही. पण येणारे-जाणारे थांबून विचारतात, ‘हे कोण होते?’ तेव्हा तोंड बघत बसायची वेळ येऊ नये. बर्लिनच्या दगडांचं संकेतस्थळ आहे, तिथे पत्ता टाकला की बऱ्याचदा चरित्रही मिळतं. शिवाय जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचा स्मरणग्रंथ आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक संस्थेची नावांची यादी, दोन्ही ऑनलाइन आहेत. जुन्या कागदांत बाईच्या नावात ‘सारा’ आणि पुरुषाच्या नावात ‘इस्राएल’ वारंवार दिसेल. जानेवारी १९३९पासून ज्यूंवर ही जोडनावं कायद्याने लादली होती. त्या माणसाच्या आठवणीत पोस्टर केलंत, तर त्यावर ती येता कामा नयेत.

आता पोस्टरचं. काटेरी तारा, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हाडांचे सापळे हे सगळं विसरा. ते बघून लोक मान फिरवतात, आणि त्यात त्या माणसाचं स्वतःचं असं काहीच नसतं. आधी बर्लिनमधल्या श्योनेबर्गच्या बायेरिशेस फिअर्टेल या वस्तीत एक दुपार काढा. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या कलाकारांनी १९९३मध्ये तिथल्या दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. एका बाजूला पाठ्यपुस्तकातल्यासारखं साधं चित्र, दुसऱ्या बाजूला तारखेसकट हुकूम. पावाच्या मागे, बर्लिनच्या ज्यूंनी किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळेत घ्यावा, १९४०. मांजराच्या मागे, ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी, १९४२. मला तर मांजरापुढून हलता येईना.

हीच रीत उचला. एक माणूस, त्याला लागू झालेला एक हुकूम, एक वस्तू. समजा नाव सरकारी शाळेतल्या शिक्षिकेचं असेल, तर ७ एप्रिल १९३३चा ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आणि खडूचा एक तुकडा. एवढंच छापा. नाझी चिन्ह टाकू नका. ते सार्वजनिक ठिकाणी दाखवणं इथे गुन्हा आहे. कलेला सूट आहे, पण ती पोलिसाला फुटपाथवर समजावत बसायला कोण मोकळं आहे? भिंतीवर चिकटवण्याआधी पालिकेला विचाराच.

म्युनिकमध्ये राहत असाल तर सार्वजनिक फुटपाथवर हे दगड मिळणार नाहीत. नावं पायदळी येतात, असा तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख यांचा आक्षेप होता. मला तो खोटा वाटत नाही. तिथे २०१८पासून भिंतीवर पाट्या आणि खांब लावतात.

आणि पुण्यात किंवा पणजीत बसून काही करायचं असेल, तर नाझींच्या बळींची कागदपत्रं जपणाऱ्या जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागाराचा ‘एव्हरी नेम काउंट्स’ हा उपक्रम आहे, इंग्रजीतही. छळछावण्यांतली कार्डं पडद्यावर येतात, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक टाइप करायचा. एकच कार्ड अनेकांकडून भरून घेतात, त्यामुळे घाबरू नका. जर्मन हस्ताक्षरातला १ आपल्याला ७ वाटतो. खरा ७ बहुतेक वेळा मधोमध आडवी रेघ मारलेला असतो. तारीख आपल्यासारखीच, आधी दिवस. एका बैठकीत दहा-बारा कार्डं पुरे, पुढे डोळे आकडे नुसते पळवायला लागतात.